वाचक विचारतात : डिबेट नक्की कोण जिंकलं?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या प्रेसिडेन्शियल डिबेटबद्दल, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या टीव्हीवरच्या जाहीर वादविवादाबद्दल, मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पुण्यात मुलगा, सून नाहीतर भाचा तिकडे असलेली घरं भरपूर, त्यामुळे लोक हे मनापासून बघतात आणि मनापासून भांडतातही. मी कॉलेजात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, पोल म्हणजे जनमत चाचण्या कशा घेतात आणि कुठे फसतात हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे उत्तरं थोडी लांबलीयेत.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं सख्खे भाऊ. थोरला न्यू जर्सीत एडिसनला, तिकडचा मतदार, आणि मी कोथरूडला. १० सप्टेंबर २०२४ ची हॅरिस-ट्रम्प डिबेट दोघांनीही लाइव्ह बघितली, त्याची रात्री नऊला, माझी सकाळी साडेसहाला. तो म्हणतो ट्रम्पनी धुतलं, मी म्हणतो हॅरिसनी. फॅमिली ग्रुपवर एवढं वाजलं की पाडव्याचा फोनसुद्धा वहिनीनी लावून दिला म्हणून झाला. एकच कार्यक्रम बघून दोन माणसं इतकी उलटं कशी बोलतात? आणि बरोबर कोण?

उत्तर : ती सकाळ मला चांगली आठवते कारण आमच्याकडे गौरीपूजन होतं. कुकरला पुरणाची डाळ, ओट्यावर भाज्यांचे ढीग, आणि हॉलमध्ये गौरींच्या शेजारीच टीव्ही, आवाज बारीक करून. माझे दीर ट्रम्पच्या बाजूचे, त्यांच्या मुलाचा तिकडे छोटा धंदा आहे आणि टॅक्सचा त्याला घोर लागलेला असतो. मी हॅरिसच्या बाजूची. सुरुवातीलाच हॅरिस स्वतः चालत ट्रम्पच्या पोडियमपाशी गेल्या आणि हात पुढे करून नाव सांगितलं, तर दीर म्हणाले "बघ, नाटक सुरू", आणि त्याच क्षणी मी म्हणाले "बघा, काय हिंमत आहे". एकच हस्तांदोलन! आमच्या सासूबाईंना इंग्रजी कळत नाही, त्या खाली बसून वाती वळत होत्या, अर्ध्या तासानी म्हणाल्या, "हा माणूस तिच्याकडे बघतच नाहीये गं." आणि खरंच, ट्रम्प जवळजवळ पूर्ण वेळ समोर मॉडरेटरकडेच बघून बोलत होते. हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं कारण आम्ही आपापल्या माणसाचे पॉइंट मोजत बसलो होतो.

तुमच्या आणि तुमच्या थोरल्या दादांच्या बाबतीत हेच झालंय आणि ते फक्त तुमचं नाहीये. त्या रात्री डिबेट संपल्यावर सीएनएन या वृत्तवाहिनीसाठी एसएसआरएस या संस्थेनी जो पोल केला त्यात डिबेट बघितलेल्या नोंदणीकृत मतदारांपैकी ६३ टक्के म्हणाले हॅरिस, ३७ टक्के म्हणाले ट्रम्प. गंमत पुढे आहे. याच लोकांना आधी विचारलं होतं की कोण सरस ठरेल, तेव्हा ते बरोब्बर अर्धे अर्धे होते. म्हणजे काहीतरी हललं हे नक्की. पण हॅरिसच्या समर्थकांपैकी ९६ टक्क्यांना हॅरिस जिंकल्या असं वाटलं आणि ट्रम्पच्या समर्थकांपैकी ६९ टक्क्यांना ट्रम्प. या दोन आकड्यांपाशी जरा थांबा. दोन्हीकडचे बहुतेक लोक आपल्याच माणसाला विजयी करून झोपायला गेले, फक्त ट्रम्पच्या बाजूचे बरेच जण एवढं मान्य करायला तयार होते की आज आपला माणूस कमी पडला. आणि मत बदललं का असं विचारल्यावर ८२ टक्के म्हणाले काही फरक पडला नाही, १४ टक्के म्हणाले विचार करायला लागलो पण मत तेच, आणि बदललं म्हणणारे फक्त ४ टक्के.

आता बरोबर कोण. माझं प्रामाणिक मत असं की तुम्ही दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय आणि "जिंकलं" हा एकच शब्द वापरताय म्हणून भांडण होतंय. तुम्ही बघताय मुद्देसूद कोण बोललं, चिडलं कोण, सावरून कोणी घेतलं, म्हणजे आपण शाळेत वक्तृत्व स्पर्धेला मार्क द्यायचो तसं. दादा तिकडे राहतात, किराणा तिकडचा भरतात, हप्ते तिकडचे फेडतात, त्यांच्या डोक्यात प्रश्न असणार की माझी जी काळजी आहे ती कोणी बोलून दाखवली. वक्तृत्वाची ढाल एकाला देऊन सोसायटीचा चेअरमन म्हणून दुसऱ्याला निवडणं यात काहीच विसंगत नाही, आपण सगळे ते करतो. तेव्हा फोन तुम्ही लावा, वहिनींना मध्ये घालू नका, आणि कोण जिंकलं हे न विचारता त्यांना विचारा की दादा, तू ऐकत असताना कुठल्या वाक्याला तुला वाटलं की हा माझ्याबद्दल बोलतोय. मग तुमचं वाक्य सांगा. थोरला भाऊ तिकडे कशाच्या काळजीत आहे हे तुम्हाला त्या ग्रुपवरच्या पन्नास मेसेजपेक्षा त्या एका उत्तरात जास्त कळेल.

प्रश्न : मॅडम, मी सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. क्लासमध्ये सरांनी सांगितलं की १९६० च्या केनेडी-निक्सन डिबेटमध्ये रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले वाटलं आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी. निबंधात हे उदाहरण बिनधास्त वापरू का?

उत्तर : वापर, पण बिनधास्त नको, जपून वापर. डिबेट झाली २६ सप्टेंबर १९६० ला शिकागोत, साधारण ७ कोटी लोकांनी बघितली. निक्सन यांचा गुडघा गाडीच्या दारावर आपटून त्यात इन्फेक्शन झालं होतं, ऑगस्टअखेरीपासून जवळजवळ दोन आठवडे ते हॉस्पिटलमध्ये होते, वजन उतरलेलं, चेहरा ओढलेला, नीट मेकअपला त्यांनी नाही म्हटलं, आणि फिका राखाडी सूट कृष्णधवल पडद्यावर मागच्या भिंतीत विरघळून गेला. केनेडी गडद सुटात, टवटवीत. इथपर्यंत सगळं पक्कं आहे.

रेडिओवाला भाग मात्र कच्चा आहे. तो मुख्यतः सिंडलिंगर नावाच्या एका संस्थेच्या पाहणीवर उभा आहे आणि त्या पाहणीत रेडिओवर ऐकलेले लोक होते फक्त २८२, त्यातल्याही बऱ्याच जणांनी कोण जिंकलं याचं उत्तरच दिलं नव्हतं. शिवाय १९६० मध्ये अमेरिकेत बहुतेक घरांत टीव्ही आला होता, मग रेडिओवर ऐकत कोण बसलं असेल? खेड्यापाड्यातले, जिथे टीव्ही पोचला नव्हता असे, बहुतांशी प्रोटेस्टंट लोक, म्हणजे त्यात कॅथलिक केनेडींना आधीपासूनच मत न देणारे जास्त असण्याची शक्यता भरपूर. माध्यमानी मत बदललं की मुळात वेगळ्या मताचे लोक वेगळ्या माध्यमापाशी बसले होते हे त्या पाहणीवरून सांगता येत नाही, आणि अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच हे लिहून ठेवलंय.

पण म्हणून चेहऱ्याचा परिणाम होतच नाही असंही नाही. जेम्स ड्रकमन या अभ्यासकाचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी हीच डिबेट तरुण मुलांना दाखवली, कोणी व्हिडिओ बघितला, कोणी नुसतं ऐकलं, आणि कोणी काय करायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. बघणाऱ्यांमध्ये केनेडी जिंकले म्हणणारे जास्त निघाले. हा पुरावा त्या २८२ जणांपेक्षा कितीतरी भक्कम आहे, निबंधात हा दे. तुझ्या सरांनी चुकीचं सांगितलं असं मी म्हणत नाही, ही गोष्ट गेली साठ वर्षं सगळेच अशी सांगतात, पण तू पुढे अधिकारी होऊन आकड्यांवरून निर्णय घेणार आहेस, तर कोणाला विचारलं आणि किती जणांना विचारलं हे बघायची सवय आत्तापासून लागू दे.

प्रश्न : टीव्हीवरच्या पोलमध्ये एक जिंकतो आणि त्याच रात्री इंटरनेटवरच्या पोलमध्ये लाखो लोकांनी दुसऱ्याला जिंकवलेलं असतं. लाखो लोक खोटे आणि हजार लोक खरे, हे मला पटत नाही. (हडपसर)

उत्तर : शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो ना, अख्खं पातेलं चापून बघत नाही. पण ते शीत आपण काढतो, कुठूनही, डाव फिरवून. इंटरनेटवरच्या उघड्या पोलमध्ये शितं आपणहून उडी मारून हातात येतात, आणि उडी मारतात ती ज्यांना राग आलाय किंवा आनंद झालाय ती. परत एकच शीत दहादा येऊ शकतं. अशी पोतंभर शितं जमली तरी पातेल्यात काय आहे ते कळत नाही.

हे इंटरनेटच्या आधीचंच आहे. २८ ऑक्टोबर १९८० ला रेगन-कार्टर डिबेट झाली, त्या रात्री एबीसी या तिकडच्या वाहिनीनी दोन फोन नंबर दिले, एक रेगनसाठी एक कार्टरसाठी, फोनला ५० सेंट. सुमारे ७ लाख फोन आले आणि रेगन दुप्पट मतांनी पुढे. नीट नमुना निवडून केलेल्या पोलमध्येही रेगनच पुढे होते पण फरक कितीतरी कमी. पैसे भरून, लाइन लागेपर्यंत फोन फिरवत कोण बसतं? ज्याचं मत आधीच पक्कं आहे तो. २०१६ ला २६ सप्टेंबरच्या पहिल्या डिबेटनंतर सीएनएनच्या पोलमध्ये हिलरी क्लिंटन ६२, ट्रम्प २७ आणि इंटरनेटवरच्या बऱ्याच उघड्या पोलमध्ये ट्रम्प पुढे, तो प्रकार हाच.

तुमचा मुद्दा एका बाजूनी मात्र मला मान्य आहे. टीव्हीवाल्यांचा पोलही सगळ्या देशाचा नसतो, तो डिबेट बघितलेल्यांचा असतो, आणि कधी एका पक्षाचे लोक जास्त बघतात कधी दुसऱ्याचे. जून २०२४ च्या बायडन-ट्रम्प डिबेटला बघणाऱ्यांत ट्रम्पच्या रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले थोडे जास्त होते, असं सीएनएननी स्वतःच सांगितलं होतं. आणि प्रश्न विचारलेली माणसं पाच-सहाशेच्या आसपास, म्हणजे चार-पाच टक्के इकडेतिकडे धरायचेच. ५२-४८ आलं तर त्याला जिंकणं म्हणू नका. ६३-३७ ला म्हणा.

प्रश्न : मी ७८ वर्षांची, बिबवेवाडीला असते पण वर्षातले सहा महिने मुलीकडे कॅलिफोर्नियात. त्या रात्री डिबेट बघून मला वाटलं बरोबरीत सुटलं. सकाळी सगळ्या बातम्यांत एकच, ट्रम्प हरले. दुपारपर्यंत मलाही तसंच वाटायला लागलं. हे माझं मत की त्यांचं गं?

उत्तर : आजी, या सगळ्या पत्रांत तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. असं फक्त तुमचं होत नाही, याचं एक फार प्रसिद्ध उदाहरण आहे. ६ ऑक्टोबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को, राष्ट्राध्यक्ष फोर्ड विरुद्ध कार्टर. फोर्ड बोलून गेले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारानी परत विचारून सावरायची संधी दिली तरी ते तेच बोलले, वर पोलंडचंही नाव घेतलं. डिबेट संपल्या संपल्या फोर्डच्याच पोलवाल्यांनी लोकांना फोन केले तेव्हा फोर्ड पुढे होते. मग टीव्हीवर आणि पेपरात ते एकच वाक्य दिवसभर वाजलं आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत लोक मोठ्या फरकानी कार्टर जिंकले म्हणायला लागले. डिबेट तीच, एका दिवसात निकाल उलटा.

२००० साली बुश यांच्याविरुद्ध उभे असलेल्या अल गोर यांचंही तसंच. बॉस्टनच्या डिबेटनंतर लगेचच्या पोलमध्ये बघणाऱ्यांनी त्यांना थोडं वर ठेवलं होतं, पण बुश बोलत असताना ते सुस्कारे टाकत होते, तेवढेच तुकडे जोडून पुढचे दिवस दाखवले गेले आणि लोकांना आठवले ते सुस्कारेच.

पण यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. फोर्ड यांनी खरंच चूक केली होती, त्या काळी पोलंडमध्ये सोव्हिएत फौजा होत्या, आणि घरात बसून बघणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक असेलच असं नाही. पेपरनी ते सांगितलं, माणसाला नवीन माहिती मिळाली, मत बदललं, तर ते मत त्याचंच. सुस्काऱ्यांच्या बाबतीत नवीन काहीच कळलं नव्हतं, लोकांनी ते आदल्या रात्री ऐकलेच होते, फक्त ते महत्त्वाचे आहेत असं दुसऱ्या कोणीतरी ठरवलं. तर तुम्ही सकाळी बातम्यांत काही नवं ऐकलंत का ते आठवून बघा. उदाहरणार्थ ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड शहरात बाहेरून आलेले स्थलांतरित लोकांची कुत्रीमांजरं खातायत हे ट्रम्प बोलले, त्यावर मॉडरेटरनी तिथल्या तिथे सांगितलं की शहर प्रशासनाकडे असा विश्वासार्ह पुरावा नाही. ते तुमच्या कानावरून निसटलं असेल आणि सकाळी नीट समजलं असेल तर दुपारचं मत तुमचंच, त्याबद्दल अजिबात मनात ठेवू नका. आणि पुढच्या वेळी टीव्ही बंद झाल्यावर चर्चा सुरू व्हायच्या आत कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनी दोन शब्द लिहून ठेवा.

प्रश्न : डिबेट जिंकणारा निवडणूक हरत असेल तर उपयोग काय? (औंध)

उत्तर : तसं पुष्कळदा झालंय खरं. २००४ ला केरी, २०१२ च्या पहिल्या डिबेटला रॉम्नी (गॅलपच्या पोलमध्ये ७२ विरुद्ध २०, एवढा फरक क्वचितच दिसतो), २०१६ ला क्लिंटन, २०२४ ला हॅरिस. सगळे निवडणूक हरले. तरी उपयोग नाही म्हणणाऱ्यांना मी २७ जून २०२४ दाखवते. त्या रात्री बायडन यांची वाक्यं अर्ध्यात तुटली, पोलमध्ये ६७-३३ नी ट्रम्प, आणि २१ जुलैला बायडन यांनी उमेदवारीच सोडली. लोकांच्या मनात वयाची जी शंका आधीपासून होती ती त्या दीड तासात डोळ्यांसमोर उभी राहिली. डिबेट नवीन मत फारसं तयार करत नाही पण दबलेली शंका वर काढते, असं मला वाटतं.

प्रश्न : आपल्याकडे पंतप्रधानपदाच्या उमेदवारांची अशी डिबेट का होत नाही? आपली संसदीय पद्धत आहे म्हणून का? (वाकड)

उत्तर : ते कारण पुरेसं नाही. ब्रिटनमध्येही संसदीयच पद्धत आहे आणि तिथे २०१० पासून टीव्हीवर नेत्यांची डिबेट होते. १५ एप्रिल २०१० च्या पहिल्याच डिबेटमध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग सगळ्यांना इतके आवडले की सगळीकडे त्यांचंच नाव, आणि निकालात त्यांच्या पक्षाच्या जागा ६२ वरून ५७ वर आल्या. आपल्याकडे मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी दोघांनाही जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं, राहुल गांधींनी हो म्हटलं, चर्चा झाली नाही. व्हायला हवी होती. वसंत व्याख्यानमाला जिथे १८७५ पासून चालत आलीये त्या शहरात बसून मला तरी दुसरं काही वाटू शकत नाही, लोक ऐकायला येतात, तासन् तास बसतात.

प्रश्न : ताई, तुम्ही सगळ्यांना समजावताय, पण तुमच्या मते कोण जिंकलं ते सांगा ना सरळ. (कर्वेनगर)

उत्तर : हॅरिस. पण मी आधीपासून त्यांच्या बाजूची होते हे वर सांगितलंय, ते धरूनच वाचा. म्हणून मी नंतर दुसऱ्यांदा पूर्ण बघितलं, एकेक प्रश्न थांबवून, आणि फक्त एवढंच लिहीत गेले की विचारलं त्याचं उत्तर आलं का. पहिलाच प्रश्न हॅरिस यांना होता, चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांची आर्थिक परिस्थिती बरी आहे का. हेच रेगन यांनी १९८० ला अमेरिकन जनतेला विचारलं होतं. हॅरिस आपल्या बालपणाबद्दल बोलल्या, आपल्या योजनांबद्दल बोलल्या, पण हो किंवा नाही आलं नाही. पहिल्यांदा बघताना हे मला अजिबात खटकलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. दुसरीकडे ट्रम्प यांना आरोग्य विम्याच्या योजनेबद्दल विचारलं तर ते म्हणाले योजनेच्या कल्पना आहेत. इतकी वर्षं हा विषय गाजतोय, तरी.

तो कागद मी दिरांना दाखवला. पहिल्या प्रश्नाला त्यांनी हॅरिसना शून्य दिलं, मी ते मान्य केलं. आरोग्याच्या प्रश्नाला ते ट्रम्पना अर्धा मार्क देतात, मी देत नाही, तेवढं आमचं अजून चालूच आहे.